निकालापूर्वीचा उत्सव

मी एक निवृत्त शाळामास्तर आहे. मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि पुढची छत्तीस वर्षे परीक्षा घेण्यात, पेपर तपासण्यात व निकाल वाचून दाखविण्यात घालविली. विश्वविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. असा मनुष्य केंब्रिजच्या एका रात्रभर चालणाऱ्या नृत्योत्सवाविषयी आपल्याशी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही ते अद्याप वाटते.

माझी भाची 2023 साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गणिताचा अभ्यास करीत होती. जून महिन्यात तिची परीक्षा आटोपली. तिच्याबरोबर उत्सवाला येणारी मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली आणि मी नेमका त्याच सुमारास तिला भेटावयास गेलो होतो. "मामा, तिकीट फुकट जाईल. तुम्हीच चला," असे ती म्हणाली. तिकिटाची किंमत सुमारे दोनशे पौंड, म्हणजे आपले वीस हजार रुपये, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण घेतलेले तिकीट वाया घालविणे मास्तराच्या स्वभावात बसत नाही. मी निघालो.

या उत्सवाला तेथे 'मे बॉल' म्हणतात, आणि तो होतो जून महिन्यात. पूर्वी हा सप्ताह खरोखरच मे महिन्यात, परीक्षांच्या आधी साजरा होत असे. पुढे तो परीक्षांच्या नंतर नेण्यात आला. नाव तेवढे जुनेच राहिले. त्याचे मूळ नौकांच्या शर्यतीत आहे. तेथील कॅम नदी इतकी अरुंद, की दोन नौका शेजारून धावू शकत नाहीत. म्हणून त्या एकीमागे एक अशा सोडतात आणि मागच्या नौकेने पुढचीला गाठून धक्का दिला, की तिची सरशी. अशा विजयाच्या आनंदात ट्रिनिटी कॉलेजच्या नौकामंडळाने 1866 साली मेजवानीची जी प्रथा पाडली, तिचाच पुढे एवढा विस्तार झाला. महायुद्धांच्या काळात हे उत्सव बंद राहिले, 2020 साली साथीमुळे खंडित झाले, आणि पुन्हा सुरू झाले.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही दरवाजापाशी रांगेत उभे राहिलो, तेव्हा लख्ख उजेड होता. जूनमध्ये तेथे सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो. मुलगे काळ्या कोटांत, मुली पायघोळ झग्यांत. मी माझा बंद गळ्याचा कोट घातला होता. कुणी त्यास हरकत घेतली नाही. आत शिरलो आणि क्षणभर पंढरीच्या वारीत शिरल्यासारखे वाटले, इतकी माणसे! कॉलेजाच्या एकामागून एक अशा चौकांत तंबू उभारलेले. एकात जेवण, दुसऱ्यात वाद्यवृंद, तिसऱ्यात विनोदी भाषणे. एका ठिकाणी तरुण मंडळी कानांना यंत्रे लावून नाचत होती. संगीत ज्याचे त्याला ऐकू येई, आणि बाहेर उभ्या राहणाऱ्यास नुसती पावलांची धपधप. दुसरीकडे स्कॉटलंडचा सामुदायिक नाच चालला होता. एक गृहस्थ पुढची चाल ओरडून सांगे आणि शंभर माणसे फेर धरीत. तो पाहून मला आमच्या गावच्या भोंडल्याची आठवण झाली. मध्यरात्रीच्या अलीकडे नदीकाठी दारूकाम झाले. नदीत सपाट बुडाच्या होड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. तिकीट नसलेले गावकरी तेथून तो सोहळा फुकट पाहत होते.

अन्न भरपूर होते, मद्यही भरपूर होते, आणि दोहोंची नासाडी मला खटकली हे सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट मनाला बरी वाटली. मला लिंबाचे सरबत देणारा मुलगा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. अर्धी रात्र तेथे काम करावयाचे आणि अर्धी रात्र पाहुणा म्हणून हिंडावयाचे, अशी त्याची बोली होती. ज्याला तिकीट परवडत नाही त्याला श्रमाच्या वाटेने आत येता येते, हे पाहून 'कमवा व शिका' या आपल्याकडील योजनेचे स्मरण झाले.

मग मी भाचीला मास्तराचा प्रश्न विचारला. "निकाल कधी?"

"अजून लागावयाचा आहे, मामा."

"निकाल लागला नाही आणि एवढा उत्सव?"

ती हसली. म्हणाली, "निकाल लागेल तेव्हा लागेल. परीक्षा दिली ती तर संपली ना? आजचा आनंद तिचा."

श्रोतेहो, या कॉलेजाचे नाव महाराष्ट्रास नवीन नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे येथेच शिकले आणि 1899 साली गणिताच्या परीक्षेत आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले, म्हणजे 'सीनियर रँग्लर', आले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पण त्याच परीक्षेतील शेवटच्या क्रमांकाची हकीकत मला भाचीने त्या रात्री सांगितली. त्या यादीत जो सर्वांत खाली येई, त्याला सहाध्यायी पदवीदानाच्या वेळी एक मोठा लाकडी चमचा देत. सेनेट हाउसच्या सज्जातून दोरीने तो त्याच्यासमोर सोडीत. 1909 सालानंतर क्रमवार यादी लावणेच बंद झाले, म्हणून त्या वर्षीचा चमचा हा अखेरचा. तो मीटरभराहून लांब असून त्याच्या दांड्यासाठी वल्ह्याचे पाते वापरले होते. कारण तो मिळविणारा विद्यार्थी कॉलेजाचा नावाडी होता. आणि त्याचे कॉलेज कोणते? सेंट जॉन्सच! दहा वर्षांच्या अंतराने पहिला आणि शेवटचा एकाच दारातून बाहेर पडले. चमच्यात थट्टा होती हे खरे. पण शेवटच्यासाठीही कुणी काही घेऊन आले होते. मी छत्तीस वर्षे फक्त पहिल्याची गोष्ट सांगितली.

आणि तेव्हा मला एक मुलगा आठवला. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मी पहाटे सहाला जादा वर्ग घेत असे. हा मुलगा वर्षभर एकही दिवस चुकला नाही. त्याची आई बाजारात भाजी विकी. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला. हातात पेढ्यांचा लहानसा पुडा. मी म्हटले, "अरे, आताच कसले पेढे? निकाल लागू दे. यादीत नाव आले, की साऱ्या शाळेला वाट." तो पुडा तसाच घेऊन परत गेला. यादी आली, तीत त्याचे नाव नव्हते. पुढे तो रस्त्यात दिसला, तरी मान खाली घालून निघून जाई. मी त्याला उपदेश केला असे तेव्हा समजत होतो. वर्षभराच्या पहाटा त्याने खरोखर कमावल्या होत्या, आणि त्यांचा गोडवा मी एका यादीवर टांगून ठेवला.

पहाटे चारलाच उजाडू लागले. थंडी झोंबत होती. मुलींनी पादत्राणे हातात घेतली होती. मुलांनी आपले कोट त्यांच्या खांद्यांवर टाकले होते. सहाच्या सुमारास जे कुणी जागे उरले होते, त्या सर्वांचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. अशा छायाचित्रास तेथे 'तगलेल्यांचे चित्र' या अर्थाचे नाव आहे. त्यात पहिला कोण येणार, शेवटचा कोण येणार, हे कुणासच ठाऊक नव्हते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीचे डोळे भरून आले होते. त्यांपैकी कित्येकांचा तो गाव आठवड्याभरात कायमचा सुटणार होता.

आपल्याकडे असले रात्रभराचे उत्सव व्हावेत असे मी म्हणत नाही. आपली ऐपत नाही, आणि त्याची गरजही नाही. माझे मागणे पाव किलो पेढ्यांएवढेच आहे.

मी परत आलो. पुढच्या मार्चमध्ये शेजारच्या मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर होता. ती घरी येण्याच्या सुमारास मी पेढे घेऊन त्यांच्या दारात गेलो. तिची आई संकोचून म्हणाली, "मास्तर, अहो, निकाल तर लागू द्या!"

मी म्हटले, "निकालाचे तुम्ही वाटा. हे परीक्षेचे आहेत."