नाईकाचा घाम
(केनवड, तालुका रिसोड येथील वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, आणि विषयही त्यांनीच दिला. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांना शिस्तीच्या नावाखाली जो शारीरिक कष्ट भोगावा लागतो त्याचे काही पालकांना फार भय वाटते, तर काहींना त्याचे भलतेच कौतुक वाटते. तेव्हा मास्तरांनी यावर काही सांगावे, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही सैनिक नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलो आणि तीतच केस पांढरे केले. परंतु शिक्षा हा शब्द आमच्या धंद्यातलाही आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

शिक्षा आणि शिक्षण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. हिंदी मुलखात आजही शिक्षा म्हणजे विद्या होय. आपण मराठी माणसांनी मात्र त्या शब्दाच्या हाती छडी दिली. आपला मुलगा पलटणीत जातो तेव्हा तो हिंदी बोलणाऱ्या जगात जातो. तेथे त्याच्या वाट्याला यांपैकी कोणता अर्थ यावा, हाच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

आम्ही साध्या जवानाविषयी बोलत नाही. लान्स नाईक, नाईक व हवालदार या कनिष्ठ पुढाऱ्यांविषयी बोलतो. पायदळाच्या एका सेक्शनमध्ये साधारण दहा माणसे असतात आणि त्यांचा धनी असतो एक नाईक किंवा हवालदार. सेनापती नकाशावर लढतो, पण प्रत्यक्ष गोळी सुटते तेव्हा जवानाच्या दृष्टीस पडतो तो त्याचा सेक्शन कमांडर. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचा सेक्शन मशीनगनच्या तोंडी सापडला. त्यांच्यावाचून सर्व माणसे ठार किंवा जखमी झाली. तेव्हा हा तरुण एकटाच पुढे धावला. त्याने हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली आणि एका शत्रूस गोळी घातली. दुसरी गोळ्यांची पेटी चढविण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांचा समाचार घेतला. पुढे लपलेल्या नेमबाजांनी त्यास टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. असा मनुष्य कोणत्या भट्टीत तयार होतो, हे आपण विचारले पाहिजे. उठाबशांच्या भयाने कोणी मशीनगनवर धावत नाही.

आता ती भट्टी पाहू. फौजेत तिला 'रगडा' म्हणतात. पाठीवर भरलेली पिशवी, हाती रायफल आणि मैदानाचे फेरे, याचे नाव 'पिट्ठू'. जमिनीवर कोलांट्या घेत जाणे म्हणजे 'फ्रंट रोल'. यांखेरीज जोर, बैठका, दोरावर चढणे. परेडला उशीर झाला, बूट मळका राहिला, रायफलीस गंज दिसला, की उस्ताद यांपैकी काहीतरी फर्मावतो. उस्ताद म्हणजे शिकविणारा हवालदार. आपल्या तालमीतला वस्ताद तो हाच. शब्द एकच आहे, आणि बरीचशी रीतही एकच आहे.

आपल्या ज्ञातीतील एक निवृत्त हवालदार या मांडवात बसले आहेत. त्यांना नाव घेतलेले खपत नाही, म्हणून घेत नाही. त्यांना आम्ही विचारले, "ही शिक्षा अन्यायाची नव्हे काय?" ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, पिट्ठू लागला तर पोराचा घाम जातो, कागद कोरा राहतो." त्याचा अर्थ असा की, प्रत्येक लहानसहान चूक जर कायद्याने चालविली तर जवानाच्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद पडते आणि ती बढतीच्या आड येते. वीस मिनिटे पळून घेतले की हिशेब तेथल्या तेथे मिटतो. पालकांनी ही बाजू ध्यानात घ्यावी. घाम गाळून घेणे ही पुष्कळदा उस्तादाने केलेली दयाच असते.

परंतु हवालदारसाहेबांनी पुढे जे सांगितले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटले. ते नवे नाईक झाले होते, तेव्हा एके सकाळी त्यांचा सेक्शन फॉलिनला उशिरा आला. सुभेदारसाहेबांनी जवानांदेखत एक शब्दही काढला नाही. संध्याकाळी मैदान रिकामे झाल्यावर नाईकास एकट्यास बोलाविले, पाठीवर पिट्ठू चढविण्यास सांगितले आणि फेरे धरविले. पहिले दोन फेरे ते प्रौढ सुभेदार स्वतः बरोबर पळाले. दुसऱ्या दिवशी सेक्शनसमोर त्यांनी त्यास 'नाईकसाहेब' म्हणूनच हाक मारली. हवालदारसाहेब म्हणतात, त्यानंतर आपण कधी उशिरा गेलो नाही. आणि सेक्शनमधील कोणास आजवर ती गोष्ट ठाऊकही नाही.

ही त्या सुभेदारांची केवळ सज्जनता नव्हती. आमच्या मते यामागे कायद्याचीच दृष्टी आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या ८० व्या कलमात कमांडिंग ऑफिसरने जवानास द्यावयाच्या शिक्षा सांगितल्या आहेत. २८ दिवसांपर्यंत लष्करी कैद किंवा अटक, तितकेच दिवस लाइनीत कोंडून राहणे, जादा पहारे, ठपका, १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड इत्यादी. उठाबशा काही त्या यादीत नाहीत. पण ८१ वे कलम वाचावे. कैद, अटक आणि लाइनीत कोंडणे या तीन शिक्षा कमांडिंग ऑफिसरने नाईक-हवालदारास देऊ नयेत, असे तेथे लिहिले आहे. आणि ठपका ही शिक्षा त्या दर्जाखालील जवानास देऊ नये, असेही लिहिले आहे. जवानास एक न्याय आणि नाईकास दुसरा, असा हा पक्षपात नव्हे. ज्याने उद्या दहा जणांस हुकूम द्यावयाचा त्यास आज त्या दहांच्या डोळ्यांदेखत कोंडले, तर उद्याचा हुकूम कोण ऐकणार? नाईकाचा पट्टा तरी काढून घ्यावा, नाहीतर पट्ट्याची अब्रू तरी राखावी. पट्टा हातावर ठेवून त्याची अब्रू काढणे हा मधला मार्ग सर्वांत वाईट होय. त्याच अधिनियमाचे ४७ वे कलम असे की, हाताखालच्या माणसावर जो वरिष्ठ बळाचा गुन्हा करील किंवा त्यास अन्य प्रकारे छळील, त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'फौजेत मारतातच' असे म्हणणाऱ्या मंडळींनी हे कलम एकदा डोळ्यांखालून घालावे.

फटक्यांचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. लॉर्ड बेंटिंक यांनी १८३५ साली देशी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली. तेव्हा गोऱ्या सोजिरांना मात्र फटके चालूच होते. हार्डिंज यांनी १८४५ साली ती देशी शिपायांस पुन्हा लागू केली. गोऱ्यांचे फटके १८८१ साली सुटले. एवढ्या काळात फटक्यांनी कोणती पलटण शूर झाली, याचा दाखला आमच्या वाचनात आलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, वस्ताद स्वतः बरोबर घाम गाळीत असेल तर मग सर्व ठीकच. आम्हीही बराच काळ तसेच मानीत होतो आणि आजही पुष्कळसे मानतो. पण अमेरिकेतील एक प्रकरण सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंड येथील मरीन फौजेच्या शिक्षणतळावर मॅथ्यू मॅकीऑन नावाच्या स्टाफ सार्जंटने आपल्या तुकडीस शिस्त लावण्यासाठी भरतीच्या खाडीत उतरविले. तुकडीत सत्तरांहून अधिक रंगरूट होते. तो स्वतः सर्वांच्या पुढे पाण्यात चालत होता. पाणी वाढले, अंधारात गोंधळ उडाला आणि सहा मुले बुडून मेली. सैनिकी न्यायालयाने त्यास निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरले, आणि अखेर तो साध्या शिपायाच्या दर्जावर उतरला. तो काही दुष्ट मनुष्य नव्हता. पाणी किती आहे हे त्याने पाहिले नाही आणि पोरांपैकी कोणास पोहता येत नाही हे विचारले नाही. बरोबर चालणे पुरेसे नाही, माप ठाऊक असावे लागते.

माप म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याच नात्यातील एक मुलगा भरतीपूर्व तयारीच्या एका वर्गात होता. वर्गाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे मुलांच्या टोळ्या पाडून प्रत्येकीवर एक 'कॅप्टन' नेमीत असत, आणि हा मुलगा कॅप्टन होता. एके दिवशी त्याची टोळी धावण्याच्या चुरशीत हरली. तेव्हा टोळीला बाजूस बसवून, तिच्यासमोर या एकट्यास पाचशे उठाबशा काढावयास लावल्या, आणि मोठ्याने मोजण्याचे काम टोळीसच दिले. दुसऱ्या दिवशी त्यास जिना उतरवेना. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तेव्हा वडिलांनी त्यास अकोल्यास नेले. डॉक्टरांनी सांगितले की, सवय नसता एकाएकी अतोनात व्यायाम झाला तर स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि त्याचा बोजा मूत्रपिंडावर पडतो; उन्हाळा असेल आणि पोटात पाणी नसेल तर धोका दुणावतो. पाच दिवस सलाइन लावावे लागले. मुलगा बरा झाला, ही ईश्वराची कृपा.

आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "पाय दुखले त्याचं काई नाई गुरुजी, पण पोट्टे मोजत होते अन् हासत होते."

येथवर ऐकून आपणांस त्या मुलाची कणव येईल. आता पुढचे ऐका. प्रकृती सुधारल्यावर तो हट्टाने त्याच वर्गात परत गेला, आणि पुन्हा कॅप्टन झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्याने उशिरा आलेल्या एका लहान मुलाकडून तीनशे उठाबशा काढून घेतल्या. हे त्याच्या वडिलांनीच आम्हांस सांगितले, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. शरीराची इजा पाच दिवसांत गेली. ही दुसरी इजा डॉक्टरांस दिसली नाही. कनिष्ठ पुढाऱ्यास जे मिळते तेच तो खाली देतो. सुभेदारांनी बरोबर पळून दाखविले तर तोही पळून दाखवितो, आणि हसे करून घेतले तर तोही दुसऱ्याचे हसे करतो.

ठाणे शहरातील एका महाविद्यालयातले जे २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात उघडकीस आले ते याच जातीचे. भर पावसात एन. सी. सी. च्या लहान कॅडेटांना चिखलपाण्यात ओणवे करून एक वरिष्ठ कॅडेट काठीने मारीत होता. कोणी तरी त्याचे चित्रण केले आणि ते देशभर पसरले. मारणारा काही सैन्याधिकारी नव्हता. तोही विद्यार्थीच होता, पोरांतून निवडलेला पुढारी. त्याच्यावर कारवाई जाहीर झाली. पण त्याच्या हाती काठी कोणाच्या आदर्शाने आली, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. शाळेतील मुलांपुरते तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास स्पष्ट मनाई केली आहे.

याउलट आपल्या वऱ्हाडात तालमीची फार जुनी आणि चांगली परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे. गावोगावच्या आखाड्यांत चुकणाऱ्या पोरास वस्ताद शंभर जोर सांगे खरा. पण त्या पोराने काल किती काढले हे त्यास ठाऊक असे. शंभर सांगितले तर काल नव्वद झालेले असत. जोर झाल्यावर त्याच पोराच्या अंगास लाल माती चोळून तो त्यास कुस्तीस उभा करी. शिक्षा आणि शिक्षण यांचे नाते ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते तेथे पाहावे.

आता थोडे आपल्या गावापुरते. केनवडच्या रस्त्यावर पहाटे पळणारी मुले आम्ही रोज पाहतो. १६०० मीटरची धाव, बीमवरील पुलअप, नऊ फुटी खड्ड्यावरची उडी, हे सर्व शब्द आता म्हाताऱ्याकोताऱ्यांसही पाठ झाले आहेत. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. त्यामुळे मुले अधिकच जिवावर उदार होऊन पळतात. मुलीही मागे नाहीत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, हे आपण वाचलेच असेल.

या मुलांसाठी मंडळाने एक व्यवस्था योजिली आहे. आपले हवालदारसाहेब आणि त्यांचे एक सहकारी दिवाळीनंतर रोज पहाटे पाच वाजता शाळेच्या पटांगणावर येतील. प्रत्येक मुलाने आज किती फेरे मारले आणि किती बैठका काढल्या याची वही राहील, आणि वाढ त्या वहीवरून ठरेल. पिण्याच्या पाण्याचा माठ भरून ठेवण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे राहील. दर आठवड्यास एक मुलगा किंवा मुलगी टोळीची नाईक होईल. तिच्या टोळीस उशीर झाला तर जादा फेरे पडतील, पण ते इतर घरी गेल्यावर, आणि हवालदारसाहेब बरोबर असतील. त्यांचे गुडघे आता दुखतात, तरी निदान पहिला फेरा आपण पळू असे त्यांनी कबूल केले आहे.

ज्यांना मुलांची नावे द्यावयाची असतील त्यांनी ती पुढील रविवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत. मुलींचीही द्यावीत. बूट नाहीत या कारणासाठी कोणी मुलास घरी ठेवू नये. बुटांची तजवीज मंडळाच्या कोषातून झाली आहे, फक्त पायाचे माप सोबत पाठवावे.