बाटली पुढे, दलाल मागे

(पोशीरच्या बैठकीत वाड्यांवरच्या लोकांपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)

आयाबायांनो, भावांनो आणि मागे झाडाखाली बसलेल्या बाबांनो,

आज बैठक दळीच्या दाव्यांची आहे. सकाळी एकानं आम्हाला विचारलं, "जमिनीचं बोला की, दारूचं काय काढलंत?" आम्ही जमिनीचंच बोलतोय. थोडं ऐकून घ्या.

इथून जवळच्याच एका वाडीतली गोष्ट. नाव सांगत नाही, त्या माणसाला अजून लाज वाटते. दलाल जीप घेऊन आला. पहिल्या दिवशी नुसता रस्ता विचारला. दुसऱ्या दिवशी इंग्लिश दारू घेऊन आला, तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी बाटलीबरोबर कागद होता. "रस्त्यासाठी सही पाहिजे" म्हणाला. यानं अंगठा दिला. बायकोला कळलं कधी? शेतात खांबांसाठी खड्डे खणायला माणसं आली तेव्हा. ती पळत गेली तर तिलाच विचारतात, "बाई, तू कोण?"

आता कायदा असा आहे, की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही. म्हणजे तो कागद काही खरेदीखत नाही. पण तार लागली ती लागलीच. कागद खोटा ठरवायला तिला कर्जतला किती खेपा माराव्या लागल्या ते तिला विचारा. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते.

म्हणून आम्ही म्हणतो, दारू म्हणजे नुसता घरातल्या मारझोडीचा प्रश्न नाही. मारझोड आहेच, ती काय लपलेली आहे? पण आपल्या तालुक्यात बाटली पुढे चालते आणि दलाल तिच्या मागून येतो.

शनिवार-रविवार बघा. नेरळपासून कर्जतपर्यंत गाड्यांची रांग. फार्महाऊस भरलेले, पावसात धबधब्यावर उभं राहायला जागा नाही. येणारा माणूस पाऊस बघायला येतो, यात वाईट काय? पण बाटल्या ओढ्यात फोडतो. तो ओढा आपल्या शेतात येतो. या लावणीत किती जणींच्या पायात काच गेली? हात वर करा. ... बघा. एका वाडीतल्या इतक्या जणी.

आणि त्या फार्महाऊसवर वॉचमन कोण? आपलीच पोरं. पाहुणा विचारतो, "गावठी मिळेल का रे?" पोरगा सायकल काढतो. वीस-पन्नास रुपये सुटतात. पुढे पाहुणा म्हणतो, "तू पण घे." अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आहेत ही. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही, आम्ही ओरडून पाहिलं. आता त्यांच्याशी वेगळी बैठक घेतो आहोत. नोकरी सांभाळून "नाय मिळत साहेब" एवढं म्हणायला शिकायचं.

गावात म्हणतात, आदिवासी म्हणजे दारू. हे ऐकून ऐकून आपल्यालाच खरं वाटायला लागलं आहे. आपले आजे-पणजे मोहाची काढायचे, लग्नाला, देवाला. घरातली होती, तिला दुकान नव्हतं. मग इंग्रजांनी 1878 साली अबकारी कायदा केला आणि दारू ठेकेदाराच्या हातात गेली. 1892 साली ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला. फुलं परवान्याशिवाय साठवायची-विकायची नाहीत. भुकेच्या दिवसात जी फुलं माणूस खायचा, ती घरात ठेवली तर गुन्हा! का? तर लोकांनी घरी काढली तर सरकारचा महसूल बुडतो. मोठ्या भट्ट्या आपल्याच जिल्ह्यात समुद्राच्या काठी उरणला होत्या. तिथली दारू मुंबईला जायची आणि आपल्याकडच्या दुकानात पण यायची. तेव्हा आपल्याला दारू प्यायला दुकानदारानं शिकवलं, आणि उधारीवर शिकवलं. उधारी फिटली नाही की जमीन.

हे आपल्या लोकांना कळलं नव्हतं असं नाही. 1922 साली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघरकडच्या कोळी लोकांमध्ये देवी अंगात यायला लागली. ती डोंगरात चढली, नाशिक आणि सुरतकडच्या आदिवासींपर्यंत गेली. देवीचा हुकूम काय? दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्या पारशी मालकाच्या कामावर जाऊ नका. जो दारू विकायचा तोच सावकार आणि तोच जमीनदार होता. देवीनं बरोबर त्याच्यावरच बोट ठेवलं. अंगात येण्यावर आमच्यातल्या शिकलेल्यांचा विश्वास नाही, पण हिशेब देवीचा चुकला नव्हता. पुढे पुष्कळ जण परत प्यायला लागले, ते पण सांगितलं पाहिजे.

नंतरची गोष्ट शहाद्याची. 1972 च्या सुमारास तिथे भिल्ल आदिवासी गेलेल्या जमिनी परत मागत होते, मजुरीसाठी भांडत होते. त्याच लढ्यातल्या बाया उठल्या आणि गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. कुणी साहेबानं सांगितलं म्हणून नाही. मोर्चात पुढे आपण, आणि घरी आल्यावर मार खायचा पण आपणच, हे त्यांना पटेना.

आता आपण काय करायचं. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदीचा अधिकार दिला आहे. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. वाडीत सगळे आदिवासी असले तरी तो कायदा आपल्याला लागत नाही. तेव्हा आपल्या हातात राहतो तो 2008 चा आदेश, आडव्या बाटलीचा. गावातल्या बायकांपैकी पंचवीस टक्के जणींनी सह्या करून अर्ज दिला, की दारूबंदी खातं त्या सह्या तपासतं आणि मग मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवी जिंकली तर परवाना असलेलं दुकान बंद.

पण जिंकायचं कसं ते नीट ऐका. नुसती जास्त मतं पडून चालत नाही. यादीत जेवढ्या बाया आहेत, त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. समजा यादीत 800 बाया आहेत. 401 पाहिजेत. 390 पडली आणि उभीला फक्त 40, तरी आपण हरलो! आली नाही ती बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. आणि न येणाऱ्या बाया कोण? आपल्याच. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर. मतदान माघात लागलं की दुकानवाल्याला एक पैसा खर्च करायला नको. म्हणून मतदान पावसाळ्यातच मागायचं, लावणी झाल्यावर, उचल घेऊन माणसं निघायच्या आत.

दुसरी अडचण. यादी अख्ख्या ग्रामपंचायतीची. वाड्यांवरच्या सगळ्या बाया आल्या तरी पुरत नाहीत. गावातल्या बाया पाहिजेत. आम्ही गेलो होतो त्यांच्या बचत गटात. पहिलं वाक्य हेच आलं, "पितात तर तुमचेच." आमच्या बरोबरची एक मावशी उठली आणि म्हणाली, "आमचा पिऊन रस्त्यात पडतो म्हणून दिसतो. तुमचा मोटारसायकलवर घरी येतो." सगळ्या गप्प. आम्हाला वाटलं, संपलं, आता हाकलतात. पण निघताना दोघी-तिघी मागून आल्या. एकीच्या नवऱ्यानं भाताचं शेत विकलं, पैसे आले आणि वर्षात बारमध्ये गेले. तिनं पहिली सही केली. त्यांच्या घरात आम्हाला अजून ओट्याखालीच बसवतात. ते भांडण आपण सोडलेलं नाही, पण या सह्या त्यांच्या बरोबर बसूनच करायच्या आहेत.

आणि हातभट्टी? ती आडव्या बाटलीनं बंद होत नाही. ती मुळातच गुन्हा आहे, 1949 च्या कायद्यानं. पण इथे आम्हाला एक बोलायचं आहे, ते काहींना आवडणार नाही. वाडीत दारू गाळते कोण? बऱ्याचदा एखादी विधवा, जिच्याकडे जमीन नाही, जिला मजुरीला बोलवत नाहीत. तिचं मडकं फोडायला सगळे तयार. तिला काळा गूळ आणि नवसागर उधारीवर देणाऱ्या दुकानाकडे कुणी जात नाही. पोलिसाची धाड पडते ती तिच्यावर, दंड भरते ती, आणि दंड भरायला परत गाळते. आम्ही ठरवलं आहे, आधी तिचं रेशनकार्ड, रोजगार हमीचं काम, विधवा पेन्शनचा कागद. ते हातात दिल्यावर सांगायचं, बंद कर. गुळाच्या दुकानावर मात्र उद्याच जायला हरकत नाही, सगळ्या मिळून.

आता दाव्यांकडे येतो. वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. आणि तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावानं करता येत नाही, फक्त वारसाकडे जातो. काही फॉर्मवर आम्हाला एकट्या बाप्याचं नाव दिसलं आहे. "बायकोचं कशाला?" असं विचारतात. ज्याच्या शेतात खांब रोवले, त्याच्या बायकोला विचारा कशाला. फॉर्मवर दोघांचं नाव असेल तर जीपवाला आला तरी तिच्याकडे यावं लागेल, आणि ती पिऊन पडलेली नसेल.

जेवण झाल्यावर मतदार यादी वाचून दाखवणार आहोत. सही किंवा अंगठा यादीतल्या नावाशी जुळला नाही तर तो बाद होतो, आणि आपल्या बायांची नावं, वयं किती चुकलेली असतात ते माहीत आहे. ज्यांचं चुकलं असेल त्यांनी घरी जायची घाई करू नका. आणि ज्यांनी भट्टीची उचल घेतली आहे त्यांनी कधी निघणार ते सांगून ठेवा, म्हणजे अर्जात त्याच्या आधीची तारीख मागता येईल.