स्मृतिभ्रंश आणि आपला शेजार
(मंगरूळपीर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



ज्या गावाच्या नावातच हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे 'पीर' आला, त्या गावाला शेजारधर्माची महती मी सांगावी असे नाही. माझा प्रश्न साधा आहे. स्मृतिभ्रंश झालेली एखादी बंजारा वृद्धा वाट चुकून एस.टी. स्थानकावर बसली आणि ती केवळ गोरमाटीच बोलत असेल, तर हा शेजार तिला घरी पोचवू शकेल काय?

या रोगात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते. बाजारात वावरून शिकलेली मराठी अनेकदा निसटते, तांड्यावरची आईची बोली मागे उरते. उर्दू मोहल्ल्यातील वृद्धाचीही तीच गत. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो! जपानने २००४ साली या रोगाचे मूर्खपणा सुचविणारे जुने नाव सरकारी व्यवहारातून काढून टाकले आणि पुढच्याच वर्षापासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुले यांना त्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला.

आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीवरील शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या रोगाने ग्रस्त आहेत. प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि निरक्षरांत अधिक. ज्यांना शाळा नाकारली गेली, त्यांच्याच वाट्याला हेही आले. आणि नेहमीची चाचणी काय विचारते? तारीख सांगा, वाक्य लिहा, शंभरातून सात-सात वजा करा. जिच्या हाती पाटी कधी आलीच नाही, तिच्या स्मृतीची ही परीक्षा की शाळेची? हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षरांसाठी हिंदीतून चाचणी तयार झाली, तिलाही आता तीस वर्षे होऊन गेली. मग गोरमाटीत आणि उर्दूत ती का होऊ नये?

सेवेचा भार कोणावर पडतो, हेही पाहा. मुलगा कामासाठी परगावी. सून मजुरी बुडवून सासूमागे धावते. तिच्या या श्रमाची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये. राज्य भर घालते, एवढेच.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. तांड्यावर आणि मोहल्ल्यात तेथलीच बोली बोलणाऱ्या आशा कार्यकर्तीला या रोगाचे शिक्षण व त्याचे वेगळे मानधन मिळावे. तांड्याचा नायक, दर्ग्याचे मुजावर, रेशन दुकानदार, एस.टी.चे वाहक यांना एकत्र बसवण्याचे काम मात्र सरकारची वाट न पाहता आपणच करू शकतो. पहिली बैठक तांड्यावर घ्या, तहसील कचेरीत नको.