ही घार नव्हे, मग कोण?



आज आपण शिकारी पक्ष्यांविषयी बोलू. वाकडी चोच, तीक्ष्ण नख्या आणि लांबवर पोचणारी नजर ही त्यांची हत्यारे. आपल्या नाशिक जिल्ह्यात असे पक्षी पुष्कळ आहेत. पण आपण त्यांना नावे किती देतो? लहान दिसला की ससाणा, मोठा दिसला की घार. संपले! त्यातून कधी न पाहिलेला पक्षी शेतावर आला, की पोरे गोफण उचलतात. तो कोण, कशाला आला, हे कोणी विचारत नाही.

घरी अनोळखी पाहुणा आला तर आपण काय करतो? आधी त्याला बघतो. मग विचारतो, गाव कोणते, काम काय काढले? पक्ष्यालाही तसेच विचारावे. तो बोलत नाही, पण त्याचे अंग बोलते. हाताला बोटे पाच, तसे प्रश्नही पाच.

पहिला प्रश्न, पक्षी केवढा? कबुतर, कावळा आणि घार ही आपली मापे. त्यांच्याशी ताडून बघावे.

दुसरा प्रश्न, शेपटी कशी? घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते. ही खूण पक्की समजा. गावावर घिरट्या घालणाऱ्या घारीकडे आजच बघा, म्हणजे पटेल.

तिसरा प्रश्न, उडतो कसा? उंच घिरट्या घालतो, की पिकावरून खालून जातो? की हवेत एकाच जागी पंख मारत थांबतो?

चौथा प्रश्न, कुठे दिसला आणि काय करत होता? पाण्यावर, माळावर, झाडात, की कड्यावर?

पाचवा प्रश्न, महिना कोणता? काही पक्षी बारमाही आपले आहेत. काही फक्त थंडीचे पाहुणे आहेत.

आणि रंग? रंग शेवटी बघावा. रंग फसवतो. उंच आभाळात सगळेच पक्षी काळे दिसतात. शिवाय नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, पिलाचा वेगळा.

आता आम्ही सांगतो, तुम्ही ओळखा. पक्षी कावळ्याहून थोडा लहान आहे. अंग पांढरे-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. तारेवर बसतो. शेतावर एका जागी पंख मारत थांबतो आणि सरळ खाली उतरतो. हा कोण? ही कापशी. ती खाली उतरते ती उंदरासाठी आणि टोळासाठी. म्हणजे ती आपल्या शेताची राखणदार झाली की नाही?

दुसरा घ्या. कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. झाडात दडून बसतो आणि एकदम झडप घालतो. हा शिक्रा. तो सरडे, उंदीर, लहान पाखरे खातो. कधी कोंबडीचे पिलूही नेतो. ते आम्ही नाकारत नाही. ज्या माऊलीचे पिलू गेले तिला ते लागणारच. पण त्यावर उपाय गोफण नव्हे, डालगे आहे. पिले लहान असतील तोवर ती डालग्याखाली नाहीतर जाळीत ठेवावीत.

आता खरा अनोळखी पाहुणा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचे धरण आहे. तिथल्या पाणथळ जागेला २०१९ साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातली ही पहिली अशी जागा. रामसर हे इराणमधले गाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, म्हणून यादीला ते नाव पडले.

थंडीत या पाण्याच्या कडेला एक तपकिरी पक्षी दिसतो. बघणारा म्हणतो, "घार आली." थांबा! पाच प्रश्न विचारा. केवढा? घारीएवढा, पण अंगाने सडपातळ. शेपटी? लांब, पण खाच नाही. म्हणजे घार नव्हे. उडतो कसा? गवतावरून, लव्हाळ्यावरून अगदी खालून. तरंगताना पंख थोडे वर उचललेले असतात. कुठे दिसला? दलदलीवर. तो येताच बदके फडफडून उठतात. महिना? कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. आता रंग बघा. तपकिरी अंग, डोके फिकट पिवळसर. ही दलदली भोवत्याची मादी. नराच्या पंखात आणि शेपटीत राखी रंग असतो. हा पक्षी हिमालयापलीकडच्या थंड मुलखातून आपल्याकडे येतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत जातो. इतक्या लांबून आलेल्याला आपण दगड मारायचा काय?

कोणी म्हणेल, पक्षी ओळखून आमच्या पदरात काय पडणार? त्याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे, आणि ते फार महाग पडले.

गिधाड कुरूप, मान उघडी, म्हणून लोकांनी त्याला अशुभ ठरवले. पण ते शिकार करत नाही. ते मेलेले ढोर फस्त करून गाव स्वच्छ ठेवते. १९९० नंतर देशातली गिधाडे भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवाहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ साली समजले. दुखण्यावर जनावरांना डायक्लोफेनॅक हे औषध देत. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडे गेली तशी मेलेली ढोरे पडून राहू लागली आणि त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली.

आपल्याकडे अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून आहेत. हरसूलच्या बाजूला खोरीपाडा येथे गावकरी आणि वनखाते यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा केली. तिथल्या लोकांनी पक्षी ओळखला, म्हणून तो राखला.

तेव्हा मंडळी, एवढे करा. गुरांच्या डॉक्टरांना सांगा, "गिधाडाला अपाय होणार नाही असे औषध द्या." मेलॉक्सिकॅम हे तसे औषध आहे. विषाने मेलेला उंदीर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. तो खाऊन घुबड आणि घार मरतात. जखमी पक्षी सापडला तर त्यावर फडके टाका, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा आणि वनखात्याला कळवा. त्याच्या नख्यांपासून हात जपा. १९७२ च्या कायद्याने या पक्ष्यांना मारणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. पक्षी दिसला की तारीख, जागा आणि पाच प्रश्नांची उत्तरे तीत लिहा. नाव नंतर सापडेल. आधी बघा, मग लिहा. दगड मात्र खालीच राहू द्या.