वाट पोचली तरच वीज



दहावीला विज्ञानात मी कशीबशी तरले, हे बाईंना आठवत असेल. तरीही आज मी सौर घटांबद्दल बोलणार आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत एकदा मला, या घटांत विद्युतभार कसे वाहतात ते संगणकावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहावा लागला.

आपल्या छपरांवर दिसतात ते घट सिलिकॉनचे. दुसरे सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंचे. ते हलके, वाकणारे, शाईसारखे छापता येणारे. पण त्यांच्यावर ऊन पडलं की लगेच वीज मिळत नाही. आधी इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धन जागा, म्हणजे ‘होल’, यांची घट्ट जोडी तयार होते. ही जोडी साधारण १० नॅनोमीटर सरकते. तेवढ्यात दोन वेगळ्या पदार्थांची सीमा भेटली, तरच ती सुटते. १९८६ साली टँग यांनी असे दोन थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली. १९९५ च्या सुमारास संशोधकांनी दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळले. सीमा जागोजागी आली आणि जोड्या भराभर सुटू लागल्या.

खरी परीक्षा पुढेच. लोणावळ्याच्या तलावांत कितीही पाऊस साठो, घाटाखाली खोपोलीला नळांतून पोचेल तेवढ्याच पाण्याची वीज होते. १९१५ पासून हेच चाललंय. इथेही इलेक्ट्रॉनला एका टोकाला आणि होलला दुसऱ्या टोकाला पोचायचं असतं. सिलिकॉनमध्ये त्यांना एक्स्प्रेसवे मिळतो. सेंद्रिय घटात रेणूवरून रेणूवर उड्या मारत जावं लागतं. वाट तुटली किंवा एकजण फार रेंगाळला, की दोघे वाटेतच पुन्हा एकत्र येतात आणि बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. थर जाड केला तर ऊन जास्त शोषलं जातं, पण वाट लांबते. म्हणून थर बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवतात. नवे रेणू आले, वाटा सुधारल्या, आणि प्रयोगशाळेत कार्यक्षमता आता २० टक्क्यांच्या घरात गेली आहे.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी ही वाटेतली गळती धरायलाच विसरले होते. उत्तर इतकं छान आलं, की दोन दिवस मी खुशीत होते!

सकाळी चहा घेताना हे मी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, म्हणजे आमच्या ओढ्यासारखंच की!”

ती नाणे मावळातून चालत यायची. भूमितीची प्रमेयं मी तिच्या वहीतून उतरवायचे. आषाढात ओढ्यातले दगड पाण्याखाली गेले की तिची शाळा बुडायची. तरी तिने दहावी केली. अकरावीला लोणावळ्याला जायचं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कॉलेज सुटलं. माझं घर कामशेत स्टेशनजवळ, दाराशी लोकल. मी इंजिनियर झाले. हे मी तिला विचारूनच सांगते आहे.

तिच्यात काय कमी होतं? काहीच नाही. मी मात्र इतकी वर्षं माझ्या यशाचा हिशेब ती गळती न धरताच मांडत आले.

म्हणून एक सुचवते. गावाकडच्या मुलींसाठी पावसाळ्याचे चार महिने लोणावळ्यात एक खोली भाड्याने घेऊया. पहिल्या वर्षाचं भाडं माझ्याकडे. खोलीकडे लक्ष द्यायला ती तयार आहे. बाकीचं आपण सगळ्यांनी जेवणानंतर बसून ठरवूया.