पिल्लाला समुद्र कसा सापडतो?



वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवं पाहायला गर्दी होते. घरटी राखणारे कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतात आणि जेमतेम चार सेंटिमीटरची ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूत वल्ह्यांसारखे पाय मारत निघतात. आई केव्हाच गेलेली. अंडी घालून, खड्डा बुजवून ती त्याच रात्री समुद्रात परतते. मग यांना दिशा कळते कशी?

पहिली खूण उजेडाची. पिल्लं एरवी घरट्यातून बाहेर पडतात ती बहुधा रात्री. मागे माडासुरूंची काळी रांग असते, समुद्राकडचं क्षितिज त्याहून उजळ दिसतं. पिल्लू काळोखाकडे पाठ फिरवतं. तिकडे हॉटेलचा दिवा लागला असेल, तर ते बिचारं त्याच्याकडे जातं आणि कुत्र्याच्या नाहीतर खेकड्याच्या तोंडी पडतं. पाण्यात शिरल्यावर खूण लाटांची. लाटा किनाऱ्याकडे येतात, म्हणून त्यांच्यावर चाल करून पोहलं की खोल पाणी मिळतं.

पण भर समुद्रात काय? अमेरिकेतले संशोधक केनेथ लोहमान यांनी फ्लोरिडातल्या लॉगरहेड जातीची, समुद्रात कधीच न गेलेली पिल्लं पाण्याच्या टाकीत सोडली. टाकीभोवती तारांची वेटोळी होती. वीज सोडून पोर्तुगालच्या उत्तर भागाजवळ असतं तसं चुंबकीय क्षेत्र त्यांनी तिथे निर्माण केलं. पिल्लं दक्षिणेकडे पोहू लागली! खऱ्या अटलांटिकमध्ये तिथून उत्तरेला वाहवत गेलं तर थंडीनं मरण ठरलेलं. २००१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. शिकवणीशिवाय अंगात नकाशा असतो, यावर माझा तरी तेव्हापासून विश्वास बसला.

मोठी झालेली मादी जन्मकिनाऱ्याच्या आसपास परतते, असं आपण सांगतो. ऑलिव्ह रिडलेबाबत मात्र ते इतक्या ठामपणे सांगू नये. २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती दुसऱ्या समुद्रात आली होती.

किनाऱ्यालगत आपलं घर किंवा हॉटेल असेल, तर कासवांच्या हंगामात समुद्राकडे तोंड असलेले दिवे रात्री मालवा. आणि पिल्लं पाहायला गेलात, तर मोबाइलचा टॉर्च कृपया खिशातच ठेवा.