मिरगाच्या आधी



भाषण लांबवत नाही. विषय पावसाळ्याआधीच्या कामांचा.

आपल्याकडे जुना हिशेब मिरगाचा. सात-आठ जूनच्या आत नळे परतले, पडवीला झाप बांधले, लाकडं आत घेतली की माणूस निर्धास्त. तौक्ते वादळ मात्र १६ मे २०२१ रोजी आलं, मिरगाला तीन आठवडे असताना. माड, आंबे, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. म्हणून आता आपली तारीख १० मे धरूया.

स्लॅबच्या घराला नळे नाहीत, म्हणजे काम नाही असं नव्हे. गच्चीच्या पाइपात पाला अडकला की पाणी तुंबतं आणि वरच्या मजल्यावर छताला ओल येते. गंजलेल्या ग्रिलला रेडऑक्साइड कोरड्या हवेतच मारायचं. कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्यायच्या.

पण खरी गोष्ट माडांची. सुकलेली चुडतं आणि तयार नारळ उतरवायलाच हवेत. खाली पोरं खेळतात. मे महिन्यात माडावर चढणारा मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून आपली मंडळी म्हणतात, "बघू पुढल्या वर्षी." (मजुरी वाचते, गाडीची काच जाते!) ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होतेच. तिथेच पुढच्या मेची रक्कम बाजूला काढावी आणि माणसाला दिवाळीतच सांगून ठेवावं. येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा.